विमानातला डायनामो

जळक्या वार्निशचा वास आवडणारा माणूस जगात एकच असावा आणि तो मी. गिऱ्हाइकं नाकाला उपरणं लावून दुकानात शिरायची. मला मात्र तो वास आला की बरं वाटायचं, कारण कुणाची तरी मोटार जळल्याशिवाय आमच्या घरची चूल पेटत नसे. नगरला माळीवाड्याच्या अंगाला माझं मोटार भरायचं दुकान होतं. पाटीवर मी ‘इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग वर्क्स’ असं लिहून घेतलं होतं. लोक ‘मिस्तरी’ म्हणायचे, आणि त्यांचंच बरोबर होतं.

बाहेरच्या माणसाला हा धंदा दोन वाक्यांत सांगता येतो. विहिरीवरची मोटार जळते म्हणजे तिच्या आत गुंडाळलेली तांब्याची तार जळते. ती उपसून काढायची, वेढे मोजायचे, तार तराजूत घालायची, मग तेवढ्याच जाडीची, तेवढ्याच वजनाची नवी तार तितकेच वेढे देऊन बसवायची, वर वार्निश ओतायचं आणि लाकडी खोक्यात मोठे दिवे लावून ते सगळं शेकत ठेवायचं. संपली विद्या. या कामाला अक्कल फारशी लागत नाही. मोजताना मध्ये कुणी बोलू नये, एवढंच लागतं.

आणि लोक नेमके तेव्हाच बोलतात. श्रीगोंद्याकडचे एक बागाईतदार माझ्यासमोर स्टुलावर बसून मुलीच्या सोयरिकीची हकिकत सांगत होते. मुलगा काय करतो, जमीन किती, सासू कशी. मी हूं हूं करत वेढे घालत होतो. सासूपाशी माझे दहा वेढे गळाले. मोटार विहिरीवर जोडली आणि चालू केल्याकेल्या धुराचा लोट निघाला. ते परत आले ते रागानं नाही, पेढे घेऊन. म्हणाले, “मिस्तरी, पोरीचं जमलं. मोटारीचं तेवढं न्हाई जमलं.” पेढा खात खात मी ती फुकट भरून दिली. त्या वेळी त्यांना दुकानाबाहेर बसवलं.

दुसरी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढं तिचं काम आहे. नवी भरलेली मोटार जोडली की शेतकरी पहिला प्रश्न विचारतो, “उलटी तर फिरत न्हाई ना?” पंप उलटा फिरला की गरगरतो जोरात, पण पाणी करंगळीएवढं येतं. यावर इलाज पोरखेळाचा आहे. तीन वायरी असतात, त्यातल्या दोन अदलाबदल करायच्या. मी आयुष्यात हे शेकडो वेळा केलं असेल. लांब तोंड करून तासभर मोटारीभोवती फिरायचं, मग दोन वायरी बदलायच्या, आणि वर दुधाचा पेला प्यायचा.

तर बहात्तरचा दुष्काळ पडला आणि माझा धंदा बसला. लोकांना वाटतं, दुष्काळाचा त्रास शेतकऱ्याला होतो. पण विहिरीच आटल्यावर मोटारी चालणार कुठं, आणि चालल्याच नाहीत तर जळणार कशा? माझी गिऱ्हाइकं रोजगाराच्या कामावर खडी फोडायला गेली होती. मी दुकानात बसून तराजू पुसत होतो. दिवसातून चार वेळा पुसत होतो.

अशा एका दुपारी हवालदार ढाकणे दुकानात आले. समोरून नाही, आडवे होऊन आले, कारण त्यांच्या हातात एक विमान होतं आणि त्याचे पंख माझ्या दारापेक्षा लांब होते. हवालदार पाथर्डीकडचे. फौजेत वायरलेसवर होते. एका कानानं अधू झाले म्हणून पेन्शनीपुरती वर्षं भरायच्या आत घरी आले. उंच, वाळका माणूस. स्टुलावर बसले तरी परेडला उभे असल्यासारखे बसायचे.

“मिस्तरी, हितं डायनामो बनतो का?”

“कशाचा? ट्रॅक्टरचा का मोटारसायकलचा?”

“ह्येचा,” ते म्हणाले आणि त्यांनी विमान माझ्या टेबलावर उतरवलं.

मी मनातल्या मनात हसलो. पण चार महिने ज्याच्या टेबलावर काही उतरलं नव्हतं, तो माणूस फार वेळ हसत नाही.

त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. विमानाला पुढं एक छोटं इंजिन. ते त्याच्या त्याच्या तेलावर चालतं, त्याला बॅटरी लागत नाही. पण आत वायरलेसचा एक डबा असतो. जमिनीवर उभ्या माणसाच्या हातात दुसरा डबा. इकडं दांडी हलवली की तिकडं शेपटी हलते. त्या शेपटीला आणि आतल्या डब्याला बॅटरी लागते, अंगठ्याएवढ्या चार सेलांची, पुन्हा पुन्हा भरायची.

“म्हणजे बॅटरी संपली की विमान पडतं,” मी म्हणालो.

“पडलं तर बरं हुईल, मिस्तरी. त्ये उडतच ऱ्हातं. फकस्त आपलं ऱ्हात न्हाई.”

हे सेल परदेशी. बदली होऊन गेलेल्या एका साहेबानं सगळा संच हवालदारांना देऊन टाकला होता. आता सेल इतके म्हातारे झाले होते की रात्रभर भरले तरी दहा मिनिटांत मान टाकायचे. नवे इकडं मिळायचे नाहीत. म्हणून हवालदारांनी असं योजलं होतं की इंजिनावरच एक इवलासा डायनामो बसवायचा. म्हणजे विमान उडतंय तोवर बॅटरी भरत राहील. ट्रकमध्ये नसतो का, तसाच.

“पण एवढी घाई कसली?” मी विचारलं.

तेव्हा त्यांनी खरी गोष्ट सांगितली. राहुरीच्या अलीकडं एक निवासी शाळा होती. तिथं मुलांना विमानं नि रेडिओ करायला शिकवायला एक माणूस घ्यायचा होता. शाळेचे अध्यक्ष साखर कारखान्यातले वजनदार गृहस्थ, सगळे त्यांना आबा म्हणत. आबांची अट होती की पोरांच्या डोक्यावरून विमान उडवायचं तर ते अर्धा तास हुकमात राहिलेलं मला दिसलं पाहिजे. नाही तर पुण्याहून एक अर्ज आला होताच.

“नोकरीसंगं दोन खोल्या हायेत,” हवालदार म्हणाले. “नळ हाय. मंडळी यंदा तिच्या भावाच्या टोळीबरूबर ऊस तोडाया गेलीया. पुढल्या हंगामाला तिच्या हातात कोयता नको, एवढंच बगतोय.”

मी विमान उचलून पाहिलं. मग म्हणालो, “करून टाकू.” मी नेहमी असंच म्हणतो. ‘बघू’ म्हणणारे मिस्तरी पुढं मोठे झाले.

लष्करी भंगारातून मी चहाच्या पेल्याएवढी एक जुनी मोटार मिळवली. आत चुंबक होतं, तेव्हा ती उलट वापरली तर डायनामो. म्हणजे वीज देऊन फिरवण्याऐवजी फिरवून वीज घ्यायची. जुनी तार उपसली. केसासारखी नवी तार भरायला बसलो आणि दुकानाचं दार लावून घेतलं, म्हणजे कुणाची सोयरीक मध्ये येऊ नये. सायकलच्या ट्यूबचा गोल पट्टा कापून इंजिनाच्या आसावरून डायनामोवर घ्यायचं ठरवलं. बसवायला लोखंडी पट्टी केली. इथंच माझा धंदा नडला. मी विहिरीवरच्या मोटारींचा माणूस. जे बनवायचं ते बैल बसला तरी वाकू नये असं बनवायचं, हीच माझी शिकवण. हवालदार म्हणाले, “मिस्तरी, जरा पातळ पत्रा न्हाई का?” मी म्हणालो, “हवालदार, पुन्हा तक्रार नको.” तराजू माझ्या हाताशी होता. जळकी तार अर्ध्या तोळ्यापर्यंत तोलणाऱ्या माणसानं ते यंत्र एकदाही त्यात ठेवलं नाही.

हाताच्या ड्रिलनं डायनामो फिरवून पाहिला. मीटरचा काटा उठला. बॅटरी भरायला लागली. हवालदारांनी आपला रेडिओ जवळ आणला तर विमानाची शेपटी आपोआप थरथरायला लागली, थंडी वाजल्यासारखी. फिरत्या तांब्यावर घासून वीज उचलणाऱ्या माझ्या ब्रशांच्या ठिणग्यांचा तो प्रताप. आमच्या धंद्यात थोडी ठिणगी म्हणजे तब्येत चांगली. वायरलेसवाल्याला तीच ठिणगी म्हणजे कानात शिट्टी. त्यांनी दोन छोटे कंडेन्सर लावून ती मुकी केली. वर आणखी डाळीच्या दाण्याएवढा एक डायोड लावला.

“हा कशाला?”

“फूट व्हॉल्व्ह हाय समजा. विहिरीतनं पानी वर येतं, परत खाली जात न्हाई. तशी वीज बॅटरीत जाईल, उलटी डायनामोत येणार न्हाई.”

हे मला फार आवडलं. पुढं अनेकांना मी ते माझंच म्हणून सांगितलं.

इंजिनावर चढवून यंत्र मोजून पाहू, असं हवालदार म्हणाले होते. पण फिरत्या पंख्याशेजारी मीटरच्या वायरी धरायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि तसं म्हणण्याचंही नव्हतं. मी म्हणालो, “दुकानात मोजलंय की. आकडा पाठ आहे.”

ठरल्या दिवशी आम्ही एस.टी.नं निघालो. कंडक्टर विमानाकडं बराच वेळ बघत राहिला. त्याच्या दरपत्रकात कोंबड्यांची पाटी होती, सायकल होती, पेटी होती. विमान नव्हतं.

“ह्याला चाकं किती?” त्यानं विचारलं.

“तीन.”

“म्हणजे सायकलीपेक्षा एक जास्त,” असं म्हणून त्यानं सायकलीचंच तिकीट फाडलं आणि विमान टपावर बांधलं. विमान एस.टी.च्या टपावरून जाताना मी पहिल्यांदा पाहिलं. रस्त्यानं लोक हात करत होते. मी खिडकीतून मान काढून हात केला.

शाळेच्या मैदानावर आबा खुर्चीत बसले होते. पांढरं धोतर, करकरीत टोपी, हातात घड्याळ. मागं हेडमास्तर नि चार विश्वस्त. हवालदारांनी इंजिन चालू केलं, विमान धावलं, जरा उशिरा पण उठलं, आणि आभाळात गिरक्या घ्यायला लागलं. पोरं ओरडली. मी आबांच्या खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिलो, कुणी न बोलावता.

“कुण्या गावठी मिस्तरीनं वर वीज बनवायचं यंत्र बसवलंय म्हंत्यात,” आबा म्हणाले.

“तो गावठी मिस्तरी मीच,” मी म्हणालो आणि फूट व्हॉल्व्हसकट सगळं समजावून सांगितलं. आबा खूष झाले. ते गरिबीतून वर आलेले, हातानं केलेल्या वस्तूंवर त्यांचा जीव. म्हणाले, “बगा हेडमास्तर, आपल्या मातीत काय पिकतंय.”

दहा मिनिटं झाली. अकरावं झालं. बाराव्या मिनिटाला हवालदारांनी दांडी डावीकडं ओढली आणि विमान उजवीकडं गेलं. त्यांनी परत ओढली. विमान सरळ निघालं. हवालदारांनी माझ्याकडं बघितलं नाही, नुसते म्हणाले, “गेलं.”

ते मैदान सोडून, बाभळी सोडून धरणाच्या दिशेनं गेलं. आम्ही दोघं ढेकळांतून पळत होतो. मागं आबांची जीप येत होती. शेवटी तेल संपलं, आवाज थांबला आणि विमान हळूहळू खाली उतरत रोजगाराच्या कामावर गेलं. तिथं पाझर तलावाचं काम चाललं होतं. शंभर-दीडशे माणसं माती टाकत होती. आम्ही पोचलो तेव्हा विमान मुरमाच्या ढिगात तोंड खुपसून बसलं होतं, एक पंख मोडला होता, आणि भोवती पाट्या घेतलेल्या बाया गोल करून उभ्या होत्या. कुणाला लागलं नव्हतं. ते आठवलं की आजही मी देवाला हात जोडतो, तेवढ्यापुरता.

गर्दीतून एक ओळखीचं तोंड पुढं आलं. दगडूमामा, राहुरीच्या बाजूचे माझे जुने गिऱ्हाईक. तीन वेळा माझ्याकडं मोटार भरलेली. विहीर आटली म्हणून आता हातात फावडं.

“मिस्तरी, तुमी विमानाचीबी मोटार भरता व्हय?”

“भरली होती, मामा.”

त्यांनी वाकून इंजिन बघितलं, पट्टा बघितला, बोटानं पंखा एकदा फिरवला. मग मोटारीच्या धन्यानं विचारावा तो पहिला प्रश्न त्यांनी विचारला. “उलटी तर फिरत न्हाई ना?”

मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. माझं ड्रिल उजवीकडं फिरतं. विमानाचं इंजिन डावीकडं. विहिरीवरच्या मोटारीत उलटं फिरलं तर पाणी कमी येतं. चुंबकाच्या डायनामोत उलटं फिरलं तर विजेचा प्रवाहच उलटा होतो, आणि हवालदारांचा तो फूट व्हॉल्व्ह, आपलं काम चोख बजावत, त्याला आत येऊच देत नाही. बारा मिनिटं माझं यंत्र आभाळात इमानेइतबारे गरगरत होतं. बॅटरीत एक थेंब पडला नव्हता.

जीप येऊन थांबली होती. आबा उतरले. हवालदार सावधान उभे राहिले.

“आबा,” मी म्हणालो, “चूक यांची नाही, माझी आहे. दोन वायरी बदलायच्या राहिल्या.”

“दोन वायरी?”

“दोनच.”

आबांनी दगडूमामांकडं बघितलं. मामांनी मान हलवली. “व्हतं आसं, आबा. आमच्याबी विहिरीवर झालं हुतं.”

दगडूमामांच्या त्या एका वाक्यानं हवालदारांना आठ दिवस मिळाले. आबा म्हणाले, “पुढल्या गुरुवारी पुण्याचा मानूस येतोय. त्याच दिवशी तुमीबी या. पन यंत्र चाललं पायजे. नुसतं विमान त्योबी उडवील. मला तुमचं यंत्र बगायचंय.”

हवालदारांनी मोडका पंख घरी नेऊन सांधला. सरस लावला, आतून कामट्या घातल्या, वरून कापड ताणलं. मी दोन वायरी बदलल्या. ते करायला मला दुधाचा पेला प्यायलाही वेळ लागला नाही. या वेळी चालत्या इंजिनाशेजारी मीटर धरला आणि काटा बरोबर बाजूला उठला. मी यंत्र हवालदारांच्या हवाली केलं.

गुरुवारी सकाळी राहुरीच्या स्टँडवर हवालदार माझी वाट बघत होते. विमान भिंतीला टेकवलेलं. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली एक जड वस्तू काढली आणि माझ्या झोळीत ठेवली. मी रुमाल उलगडला. आत माझा डायनामो.

“हा इथं काय करतोय?”

“मिस्तरी, पंखाला वजन झालंय. परवा रानात बगितलं. यंत्र घातलं की उठत न्हाई, काढलं की उठतंय.”

“मग बॅटरी?”

“टारचीचे चार सेल घातलेत. किराना दुकानातनं आनले. तासभर चालत्यात. त्याच दुकानाच्या तराजूत तुमच्या यंत्रासमूर ठिवून बगितले. सेलच हलके भरले.”

एक वायरलेसवाला आणि एक मोटारवाला महिनाभर डोक्याला डोकं लावून बसले होते, आणि दोघांपैकी एकाच्याही मनात टॉर्चचे सेल आले नव्हते. कारण सोपं आहे. जे हातानं बनवता येतं ते दुकानातून आणायचं म्हणजे आम्हाला कमीपणा.

“पण आबांना यंत्र बघायचंय,” मी म्हणालो.

“व्हय.”

“मग त्यांना सांगायचं काय?”

हवालदारांनी विमान उचललं. “त्येच तर मला येत न्हाई,” ते म्हणाले. “बोलायचं काम तुमी करा.”

मी रागावलो. खोटं बोलायला सांगितलं म्हणून रागावलो असं लिहायला मला आवडेल. पण मी रागावलो ते माझं यंत्र उतरवलं म्हणून. शाळेपर्यंतच्या रस्त्यात मी हवालदारांच्या दहा पावलं पुढं चाललो. ऊन चैत्राचं. झोळीतला डायनामो चालताना बरगडीवर आपटत होता.

पुण्याचा माणूस आधीच आला होता. बुशशर्ट घातलेला, चष्मेवाला, नम्र. त्यानं आधी आपलं विमान उडवलं. नवे कोरे सेल होते त्याच्याकडं. अर्धा तास एकही चूक नाही, उतरवलं तेही चादर अंथरल्यासारखं अलगद. मग आमच्याशी येऊन म्हणाला, “तुमचा जनरेटर बघायची फार उत्सुकता आहे.” तो मनापासून म्हणत होता. तेच मला आजही टोचतं.

मी ‘उतरल्यावर दाखवतो’ म्हणत विमानाच्या नाकासमोर आडवा उभा राहिलो, मग हवालदारांनी विमान सोडलं. ते उठलं, हलकं, पाखरासारखं. आबांनी घड्याळ हातात धरलं आणि मला बोटानं जवळ बोलावलं.

“मिस्तरी, आता वर काय चाललंय ते सांगा.”

इथं मी असं म्हणू शकलो असतो की मी एकही वाक्य खोटं बोललो नाही. ‘हे यंत्र पट्ट्यावर फिरतं’, खरं. ‘त्यानं बॅटरी भरते’, खरं. ‘आत्ता’ हा शब्द आबांनीच घातला. बरीच वर्षं मी ही गोष्ट अशीच सांगत होतो. पण आता हवालदार नाहीत, आबाही नाहीत, तेव्हा लिहूनच टाकतो. ‘आत्ता’ मीच म्हणालो. एकदा नाही, दर दोन मिनिटांनी म्हणालो. विमान वळलं की म्हणालो, “आत्ता बघा, वळताना इंजिनाचा जोर वाढतो, म्हणजे आत्ता जास्त भरतेय.” वर आभाळाकडं बोट, आणि खाली झोळीचा बंद खांद्यात रुतलेला. हेडमास्तर वहीत टिपून घेत होते. पुण्याचा माणूस मान डोलावत ऐकत होता. मी त्याच्याकडं पाहायचं टाळत होतो, आणि प्रत्येक वेळी पाहत होतो. हवालदार पाठ करून उभे. एकदाही वळून बघितलं नाही त्यांनी. फक्त माझा आवाज चढला की त्यांचा चांगला कान लाल होत होता.

अर्धा तास झाला. आबांनी हात वर केला. हवालदारांनी विमान आणखी दहा मिनिटं फिरवलं, कारण एवढ्या वर्षांनी त्यांच्या हातातलं विमान घाईत नव्हतं. मग उतरवलं.

आबा उठले. “पुण्याचं पाव्हनं बी चांगलं उडवतंय,” ते म्हणाले. “पन त्यांचे सेल बाजारातले. ह्यांचं हातचं हाय. पोरांना शिकवायला ह्योच मानूस.” पुण्याच्या माणसानं हवालदारांचा हात हातात घेऊन हलवला. मग माझाही. माझ्या हाताला तेव्हा काय झालं होतं कोण जाणे, मला तो लवकर सोडवून घेता येईना.

आणि मग आबा म्हणाले, “आता ते यंत्र काढून दाखवा. प्रयोगशाळेत कपाटात ठिवू.”

हवालदारांचा चेहरा पहिल्यांदाच हलला. मी म्हणालो, “उघड्यावर नको आबा, धूळ जाते. आम्ही आत जाऊन काढतो.”

प्रयोगशाळेत आम्ही दार ओढून घेतलं. हवालदारांनी विमानाचं पोट उघडलं आणि टॉर्चचे चार सेल काढून पॅन्टच्या खिशात टाकले. मी झोळीतून डायनामो काढला. हवालदारांनी पुसून ठेवलेला तो कोरा करकरीत दिसत होता, लग्नाला निघालेल्या मुलासारखा. विमानाच्या पोटाला इंजिनाच्या तेलातलं, जळून काळं झालेलं एरंडेल चिकटलेलं होतं. मी ते दोन बोटांनी घेतलं आणि यंत्राला माखलं. पट्टा जरा मळवला.

“मिस्तरी,” हवालदार हळू आवाजात म्हणाले, “हे बराबर न्हाई.”

“नाही,” मी म्हणालो. “खोल्या बघितल्या का?”

खिडकीतून त्या दोन खोल्या दिसत होत्या. समोर नळ होता, आणि त्याला थेंब येत होता.

आम्ही बाहेर आलो. मी डायनामो आबांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो जपून धरला, एखादं अंडं धरावं तसा, मग दुसरा हात वर ठेवला. सकाळपासून तो चैत्राच्या उन्हात, माझ्या झोळीत, माझ्या बरगडीला घासत होता. आबांचे डोळे मोठे झाले. ते हेडमास्तरांकडं, विश्वस्तांकडं, पुण्याच्या माणसाकडं वळले.

“हात लावून बगा,” ते म्हणाले. “आजून गरम हाय.”

सगळ्यांनी आळीपाळीनं हात लावला. पुण्याच्या माणसानंही लावला, आणि आदरानं मान हलवली. आयुष्यात मी शेकडो यंत्रं फिरवून गरम केली. न फिरता गरम झालेलं ते एकच, आणि नाव झालं ते त्याचंच.